‘गोव्यात लढा झालाच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

१८ जून (गोवा क्रांतिदिन) किंवा १९ डिसेंबर (गोवा मुक्तिदिन) जवळ आला की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरू लागतो. कधी मराठीत, कधी कोंकणीत, कधी इंग्रजीत. तपशील मागेपुढे होतात, सांगाडा तोच असतो. गोवा ही वसाहत नव्हतीच, पोर्तुगालचा प्रांत होता. गोंयकार पोर्तुगालचे पूर्ण नागरिक होते आणि सुखात होते. लढा असा काही झालाच नाही. राममनोहर लोहियांसारखे बाहेरचे चार लोक आले आणि घोषणा देऊन गेले. ख्रिस्ती समाज तर पोर्तुगिजांच्याच बाजूचा. शेवटी नेहरूंनी निवडणुकीवर डोळा ठेवून लष्कर घुसवले, छत्तीस तासांत गोवा घेतला, आणि गोव्याच्या लोकांना कोणी विचारलेसुद्धा नाही.

यातला शेवटचा मुद्दा वजनदार आहे. त्याकडे शेवटी येतो. आधी बाकीचे.

‘गोवा वसाहत नव्हती, प्रांत होता.’ कधीपासून? १९३० मध्ये, पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारच्या पुढाकाराने लिस्बनने एक वसाहत कायदा केला. सागरपार मुलूख ताब्यात ठेवणे, तिथे वसाहती करणे आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे जन्मजात कार्य आहे, असे त्यात उघडउघड लिहिले होते. पुढची एकवीस वर्षे सरकारदरबारी गोवा ही वसाहतच होती. १९५१ मध्ये घटना बदलून सगळ्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायचे ठरले. तोवर इंग्रज भारतातून गेले होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत वसाहतींबद्दल जाब विचारण्याची सोय झाली होती. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत शिरला, आणि स्वराज्य नसलेले कोणते मुलूख तुमच्याकडे आहेत असे विचारल्यावर त्याचे उत्तर होते, एकही नाही. ते कोणाला पटले नाही. डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने ठराव करून पोर्तुगालच्या वसाहतींची यादीच दिली. अंगोला, मोझांबिक यांच्यासोबत गोवाही तिच्यात होता. म्हणजे गोवा वसाहत आहे, हे भारतीय फौज हलण्याच्या वर्षभर आधी जगाने लेखी सांगितले होते.

‘पूर्ण नागरिक होते’ हे मात्र निखालस खोटे नाही. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत स्थानिकांना ‘नेटिव्ह’ ठरवून वेगळ्या कायद्याखाली ठेवले होते, तसे गोव्यात नव्हते. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, चर्च आणि राज्य वेगळे झाले. त्यानंतर गोव्यातल्या हिंदूंनाही सरकारी नोकरीची, शाळांची, वृत्तपत्रांची दारे उघडली. हा काळ गोव्याने मनापासून उपभोगला. पण १९२६ मध्ये लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता घेतली, पाठोपाठ सालाझार आला आणि तो सगळा मोकळेपणा आवळला गेला. छापायचा प्रत्येक कागद सेन्सॉरकडून जाऊ लागला. लग्नपत्रिकाही त्यातून सुटली नाही. सभेला परवानगी हवी. पक्ष एकच, सालाझारचा. आता कोणी म्हणेल, लिस्बनच्या माणसालाही हेच भोगावे लागत होते. बरोबर. हुकूमशहाच्या राज्यात समान नागरिक असण्याचा अर्थ तेवढाच होता.

त्या नागरिकत्वाची किंमत डॉ. पुंडलिक गायतोंडे यांना कळली. लिस्बनमध्ये शिकलेले सर्जन, पत्नी पोर्तुगीज, म्हापशात नावाजलेला दवाखाना. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीत कोणी तरी भाषणाच्या भरात म्हणाले की हेही पोर्तुगालच आहे. गायतोंडे एवढेच म्हणाले, ‘माझा निषेध.’ ना पत्रक, ना बॉम्ब, ना घोषणा. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आले.

आता मुख्य दावा. लढा झालाच नाही.

इथे आपल्या बाजूचे लोकही घाई करतात. ते थेट १५८३ च्या कुंकळ्ळीपासून सुरुवात करतात, १७८७ च्या पिंटोंच्या कटावरून उडी मारून सत्तरीच्या राणे घराण्याच्या बंडांवर येतात आणि पावणेचारशे वर्षांचा अखंड स्वातंत्र्यसंग्राम उभा करतात. मला हे पटत नाही. कुंकळ्ळीच्या गावकारांनी पाच जेझुइट पाद्र्यांना मारले ते देवळे मोडल्याच्या संतापाने. पिंटोंच्या कटात पाद्री होते. काळ्या कातडीमुळे वरची पदे मिळत नाहीत ही त्यांची तक्रार होती. राणे लढले ते बहुतेकदा आपल्या हक्कांसाठी, वतनासाठी. १८९५ च्या उठावाची ठिणगी तर मोझांबिकला जायला नकार देणाऱ्या मराठा शिपायांनी टाकली. ही सगळी धैर्याची प्रकरणे आहेत, पण त्यांना ‘स्वातंत्र्यलढा’ म्हटले की समोरच्याला हसायला आयते निमित्त मिळते. आणि त्याची गरजही नाही, कारण विसाव्या शतकातला पुरावा पुरून उरतो.

१९२८ मध्ये, पॅरिसमध्ये शिकून आलेल्या त्रिस्ताव ब्रागांझा कुन्य यांनी गोवा काँग्रेस समिती काढली. जुलै १९३० मध्ये, वसाहत कायद्याच्या वेळीच, लुईस द मेनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळातच स्वयंनिर्णयाचा हक्क मागणारा ठराव मांडला. तेव्हा लोहिया वीस वर्षांचे होते, आणि गोव्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

लोहिया १९४६ मध्ये आले तेही लढायला नव्हे. आग्र्याच्या तुरुंगातून सुटून प्रकृती सुधारायला ते आपल्या बर्लिनच्या दिवसांतल्या मित्राकडे, डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या असोळण्याच्या घरी उतरले. लोक तिथे त्यांना भेटायला येऊ लागले आणि गाऱ्हाणी सांगू लागले. १८ जूनला मडगावात भर पावसात सभा झाली, दोघांनाही अटक झाली. लोहिया परतले, मागे राहिलेल्यांनी सत्याग्रह चालू ठेवले. कुन्य यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला, आठ वर्षांची शिक्षा झाली. ते, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे आणि जुझे इनासियो लोयोला यांची रवानगी पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात झाली. लढा नव्हता तर पाच माणसांना समुद्रापार किल्ल्यात डांबायची खटपट सालाझारने का केली असेल?

गोव्यात संघटना उघडपणे उभी राहूच शकत नव्हती. म्हणून नॅशनल काँग्रेस (गोवा) १९४६ मध्ये लोंढ्याला, हद्दीबाहेर स्थापन झाली. वर्षभरात विश्वनाथ लवंदे, नारायण नाईक, दत्तात्रय देशपांडे, प्रभाकर सिनारी या तरुणांनी आझाद गोमंतक दल काढले आणि हत्यारे हाती घेतली. याच दलाचा अस्नोड्याचा बाळा राया मापारी पोलिसांच्या मारहाणीत फेब्रुवारी १९५५ मध्ये मेला. गोव्यात तो मुक्तिलढ्याचा पहिला हुतात्मा मानला जातो. छळासाठी त्या काळी एका पोलिसाचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते, कासिमिरो मोंतेरो. हाच माणूस पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत गेला आणि १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तो देल्गादो यांच्या खुनात सामील झाला. गोव्यात सराव झालेले हात पोर्तुगिजांवरही चालले.

शिवाय एक लढा होता तो दिसण्याजोगा नव्हताच, फक्त ऐकू येणारा होता. नोव्हेंबर १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, पोर्तुगीज आणि कोंकणीत. सहा वर्षे, गोवा मुक्त होईपर्यंत. सेन्सॉरने गाळलेल्या बातम्या गोव्यात याच वाटेने पोहोचत होत्या.

‘बाहेरच्यांचा लढा’ या दाव्यात तथ्याचा अंश आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हद्द ओलांडणारे हजारो सत्याग्रही बहुतांश भारतातले होते. त्या दिवशीच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे गेली. पत्रादेवीला पडलेला कर्नैलसिंग पंजाबचा. त्याआधी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट, मग मधु लिमये तुकड्या घेऊन गेले. गोरे आणि लिमये १९५७ पर्यंत तुरुंगात राहिले. महाराष्ट्राला याचा अभिमान असावाच. पण त्या अभिमानाच्या भरात आपण मराठी माणसांनी ही कथा अशी सांगितली की गोंयकार तीत प्रेक्षक होऊन बसले. ‘बाहेरच्यांचा लढा’ म्हणणाऱ्या मजकुराला निम्मा माल आपणच पुरवला आहे.

वर्षभर आधीचा, १५ ऑगस्ट १९५४ चा सत्याग्रह आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. तेव्हा भारत सरकार फक्त गोमंतकीयांनाच हद्द ओलांडू देत होते. तीन तुकड्या तीन वाटांनी शिरल्या. त्यांचे पुढारी टोनी डिसोझा, आल्फ्रेड आफोन्सो आणि मार्क फर्नांडिस. तेरेखोलच्या किल्ल्यावर त्या दिवशी तिरंगा लागला. नावे पुन्हा वाचा, म्हणजे ‘ख्रिस्ती पोर्तुगिजांच्या बाजूने होते’ या मुद्द्यासाठी वेगळे काही लिहायला नको. नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष पीटर आल्वारिस, दादरा मुक्त करणारे फ्रान्सिस मस्कारेन्हस, रेडिओवरच्या लिबिया लोबो, कुन्य, मेनेझिस ब्रागांझा, जुलियांव मिनेझिस. पोर्तुगिजांशी इमान राखणारी घराणी होती, ख्रिश्चनांत होती आणि हिंदूंतही. दरबारी मान, खाणींचे परवाने, सवलती यांना धर्म नव्हता.

‘सुखात होते’ याबद्दल थोडक्यात. पन्नाशीच्या दशकात लोखंडाच्या खाणींनी गोव्यात पैसा आला, बाजारात परदेशी माल स्वस्त होता, हे खरे. हेही खरे की पणजीची वैद्यकीय शाळा सोडली तर पदवीच्या शिक्षणासाठी मुंबई, पुणे किंवा लिस्बन गाठावे लागे. कला-विज्ञानाची महाविद्यालये मुक्तीनंतर, १९६२ मध्ये आली. आणि पोटासाठी घर सोडलेल्या गोंयकारांनी मुंबईच्या धोबीतलावची कूडं (गावागावांची सामायिक बिऱ्हाडे) पिढ्यान्‌पिढ्या भरलेली होती. सुखातून माणसे इतक्या संख्येने बाहेर पडत नाहीत.

नेहरूंनी निवडणुकीसाठी फौज पाठवली? फेब्रुवारी १९६२ मध्ये मुंबईत कृष्ण मेननांची चुरशीची लढत होती आणि तिचा विचार कोणाच्याच डोक्यात नसेल असे मी म्हणणार नाही. पण गंमत बघा, हाच गट सहा महिन्यांनी दुसरा मजकूर पाठवतो, की नेहरूंनी चौदा वर्षे गोवा लोंबकळत ठेवला. दोन्हींपैकी दुसऱ्यात जास्त दम आहे. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने बोलणी मागितली, लिस्बनने विषयच नाकारला. १९५३ मध्ये भारताने तिथली वकिलात बंद केली. १९५५ च्या गोळीबारानंतर तर नेहरूंनी सत्याग्रहच थांबवायला लावले, याचा राग गोव्याच्या कार्यकर्त्यांच्या मनात कायम राहिला. १९६१ मध्ये हवा बदलली ती मुख्यतः अंगोलाच्या उठावाने. ऑक्टोबरात दिल्लीतल्या परिषदेत आफ्रिकी पुढाऱ्यांनी भारताला तोंडावर सुनावले की गोव्यापासून सुरुवात तुम्ही करा. नोव्हेंबरात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटाजवळ भारतीय जहाजावर गोळ्या झाडल्या गेल्या. छत्तीस तासांचे म्हणाल तर सालाझारचा हुकूम मरेपर्यंत लढण्याचा होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो न पाळता शरणागती पत्करली, त्याची शिक्षा म्हणून मायदेशी त्यांना लष्करातून बडतर्फ केले गेले. गोव्याने त्यांचे आभारच मानायला हवेत.

आता, लोकांना विचारले का? नाही विचारले. डिसेंबर १९६१ मध्ये सार्वमत झाले नाही, आणि ते घेता आले असते, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. फक्त तेवढेच वाक्य ४५१ वर्षांच्या राज्यालाही लावून बघावे. १९३० चा स्वयंनिर्णयाचा ठराव लिस्बनने बाजूला टाकला, १९४६ च्या सभेला बंदुका दाखवल्या, सार्वमताचा शब्द सालाझारने कधी काढला नाही. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. मुक्ती करणाऱ्या नेहरूंच्या काँग्रेसला लोकांनी सपाटून मार दिला. महाराष्ट्रवादी गोमंतक आणि युनायटेड गोवन्स हे दोन पक्ष पुढे आले; एकाला महाराष्ट्रात जायचे होते, दुसऱ्याला नाही, आणि परत पोर्तुगालकडे जाऊ म्हणणारा कोणी नव्हता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते केंद्रशासित राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. महाराष्ट्रातल्या बड्या नेत्यांना आणि खुद्द गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांना जे हवे होते ते लोकांनी नाकारले, आणि ते मानले गेले.

त्या दिवशी मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात होते. सांगलीचा हा मुलगा गोव्यात मराठी शिकवायला आला, आझाद गोमंतक दलात गेला, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा सव्वीस वर्षे. गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालने त्यांना सोडले नाही. सुधीर फडके वगैरेंनी वर्षानुवर्षे धडपड केल्यावर ते जानेवारी १९६९ मध्ये सुटले. कवी तेलु मस्कारेन्हस तर १९७० मध्ये. आणि गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केले ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, खुद्द पोर्तुगिजांनीच आपली हुकूमशाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये उलथून टाकल्यावर.