‘एक वाचक’ यांस : प्रत्येक चक्कर मेनिअर्सची नसते

नमस्कार.

कानामुळे येणाऱ्या चक्करेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘चक्कर म्हणजे मेनिअर्स (आतल्या कानाचा एक आजार), हे कुठलाही डॉक्टर सांगेल. गूगल वाचून कानातले खडे सरकल्याच्या गोष्टी सांगू नका.’ पुढे घरी एप्ली (डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे जागेवर आणण्याची पद्धत) करण्यावर आणि पक्षाघातावर आणखी दोन ओळी. आकृती मोबाइलवर वाचता येत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे, मोठी टाकतो.

टीकेला माझी ना नाही. पण टोपणनावाआडून दुसऱ्याला ‘गूगल वाचून’ म्हणायचं आणि आपण काय वाचलंय त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, ही कुठली रीत? मी डॉक्टर नाही, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय.

आता तुमचं ते वाक्य. फ्रेंच डॉक्टर प्रॉस्पर मेनिअर यांनी १८६१ मध्ये पॅरिसला मांडलं ते एवढंच, की अशी चक्कर मेंदूतूनच येते असं नाही, आतल्या कानातूनही येते. म्हणून कानातून येणारी सगळी चक्कर त्यांच्या खात्यावर जमा करायची? मेनिअर्सचा झटका वीसेक मिनिटांपासून काही तास चालतो, कानाला दडे बसतात, आत आवाज घुमतो, ऐकू कमी येतं. खडे सरकले, म्हणजे बीपीपीव्ही झालं, की कूस बदलताच घर फिरतं आणि बहुतेक वेळा मिनिटाच्या आत थांबतं. ऐकण्यात त्यामुळे फरक पडत नाही. हे खडे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक. जागचे सुटतात आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुतेकदा मागच्या, शिरतात. ‘गोष्टी’ म्हणे! त्यासाठीची डिक्स-हॉलपाइक चाचणी १९५२ पासून आहे.

आणि गूगलचंच काढलंत म्हणून सांगतो. माझ्या आईने मेनिअर्सचा शिक्का घेऊन वर्षं काढली. मीठ तोडलं, लोणचं-पापड बंद, गोळ्यांनी दिवसभर पेंगायची. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, नॉर्मल, तरी कुणाला शंका आली नाही. शेवटी मिरजेतल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी हीच चाचणी केली : मान वळवून तिला झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली धरलं आणि मला म्हणाले, ‘डोळे बघा.’ बुबुळं भिरभिरत होती. तिथल्या तिथे एप्ली केलं. आठवड्याभरात ती न घाबरता कुशीवर वळू लागली. तुमचा ‘कुठलाही डॉक्टर’ तेव्हा कुठे होता?

घरी एप्ली करणं बेजबाबदार, म्हणता. कुठल्या कानाचा त्रास आहे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मग करा, असं लेखात आहे. पक्षाघाताचंही आहे : चक्करेसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, उभं राहता येईना, तर सरळ रुग्णालय गाठा. हे सगळं शेवटच्या परिच्छेदात आहे. तिथवर तुम्ही पोचलाच नाहीत, त्याला मी काय करू?

यापुढे खऱ्या नावाने लिहा. टोपणनावाची प्रतिक्रिया मी मंजूर करणार नाही.