लेथवर मामा

भाच्याला दहावीनंतर आयटीआयला जाऊन टर्नर, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापणारा कारागीर, व्हायचंय. दोन वर्षांचा ट्रेड. त्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवस रण माजलंय. "मार्क चांगले आहेत, मग आयटीआय कशाला?" हे वाचलं की माझं डोकं फिरतं. मार्क मिळाले की हात वापरायचे नाहीत, असं कुठे लिहिलंय?

मी लगेच इथलं, अमेरिकेतलं, पुराण लावलं. मंगळवारी संध्याकाळी मी कम्युनिटी कॉलेजात लेथ शिकतो. शेजारच्या मशीनवर दातांची डॉक्टर असते, पलीकडे एक निवृत्त ट्रकवाला. कुणी कुणाचे मार्क काढत नाही. मला टार्गेट रायफलचं बॅरल स्वतः बसवायचंय. कॉलेजात बंदुकीचा कुठलाही भाग आणायला बंदी, म्हणून तिथे माइल्ड स्टीलचे तुकडे आणि बॅरलसाठी नेमबाजीच्या रेंजवरच्या एका म्हाताऱ्याच्या गराजमधली जुनी साउथ बेंड लेथ.

"आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रच. इथे केंद्राच्या कायद्याला रिसीव्हर, म्हणजे आतली यंत्रणा बसते तो सांगाडा, हीच बंदूक, बॅरल नुसती नळी," मी ऐटीत लिहिलं. ताईने उत्तरादाखल शाळेतल्या गोळीबाराची बातमी टाकली. मी विषय बदलला.

नळी चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, बाहेरून सरळ फिरताना दिसते, पण आतलं भोक तिच्या मधोमध असेलच असं नाही. डायल इंडिकेटरची सोंड भोकात टेकवायची आणि काटा अर्ध्या थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत थरथरेपर्यंत चकचे चारही जबडे, म्हणजे जॉ, आळीपाळीने हलवत राहायचे. पहिल्या दिवशी माझे दोन तास गेले. एक जॉ आवळायचो आणि समोरचा सैल करायला विसरायचो. आटे पाडताना तर स्पिंडल अगदी मंद असूनही पोटात गोळा येतो. टूल नळीच्या खांद्यावर आदळायच्या आत त्याला पुढे ओढणारा हाफ नट सुटला पाहिजे.

म्हातारा "एकशे पंचवीस थाऊ" म्हणतो आणि मला ऐकू येतं "एक सूत", म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा शब्द अण्णांचा. अण्णा टर्नर होते. हरिहरच्या किर्लोस्कर लेथवर हयात गेली त्यांची. इंजिनिअरिंगला गेल्यावर मी मित्रांना सांगायचो, "वडील कंपनीत आहेत." मशीनला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी मागितलं नाही.

ताईला हे सगळं ठाऊक आहे. तिने एवढंच लिहिलं, "तू हौसेने उभा राहतोस. माझ्या पोराला रोज आठ तास उभं राहायचंय. आणि त्याचं लग्न जमवताना तू इथे नसशील."

यावर टाकायला माझ्याकडे इथलं एकही उदाहरण नव्हतं. म्हणून मी माझ्या आट्यांचा फोटो टाकला. अंगठे बरेच आले.

भाचा सुट्टीभर एका वर्कशॉपात पडीक असतो. त्याचा मेसेज वेगळा आला. "मामा, मागे डेड सेंटरचं टोक दिसतंय ना, लेथच्या मध्यरेषेवर, त्याच्याशी टूल ताडून बघ. टूल खाली आहे. म्हणून आटे ओरबाडल्यासारखे आलेत."

शनिवारी गराजमध्ये जाऊन ताडून पाहिलं. खालीच होतं.