गॅस गळतोय, आणि लोक स्प्रिंग बदलत बसलेत

एआर-15 जातीची रायफल नीट चालेनाशी झाली की पुढचं सगळं ठरलेलंच असतं. रिकामी केस बाहेर पडता पडता अडकते. बोल्ट, म्हणजे गोळी चेंबरमध्ये ढकलून तोंड बंद करणारा भाग, पुरेसा मागे जात नाही, पुढची गोळी न उचलताच बंद होतो. की लगेच सल्ले सुरू: बफर (बोल्टच्या मागचं वजन) हलका घाल, स्प्रिंग बदल, काडतुसंच कमजोर आहेत. आणि शेवटी कुणीतरी छातीठोकपणे सांगतो, गॅस पोर्ट, म्हणजे बॅरलमधलं गॅस घेणारं भोक, ड्रिलने मोठा कर. अरे, आधी गॅस जातो कुठे ते तरी बघा! दहा मिनिटांत सापडणारी गळती सोडून बॅरलला भोक पाडायला निघालेल्या माणसाला काय म्हणावं?

गोळी झाडली की तयार होणारा गॅसच बोल्टला मागे ढकलतो, आणि त्याचा रस्ता सरळ आहे. बॅरलमधल्या पोर्टातून गॅस ब्लॉकमध्ये, तिथून ट्यूबमध्ये, ट्यूबमधून कॅरिअरवरच्या (बोल्ट ज्यात बसतो त्या भागावरच्या) गॅस कीमध्ये, म्हणजे वर बसवलेल्या छोट्या नळीत, आणि कीमधून कॅरिअरच्या पोटात. बोल्टवरच्या तीन रिंगा तो तिथे अडवतात. या सगळ्या रस्त्यात एकही रबरी सील नाही. धातूला धातू घट्ट बसतो, एवढ्यावरच सगळं चालतं. म्हणून जोडणी ढिली तर रायफल ढिली, आणि म्हणून तपासणी जोडणीपासून सुरू व्हायला हवी.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते गॅस कीवरून. कॅरिअरवर ही की दोन स्क्रूंनी बसते. स्क्रू 50 ते 60 इंच-पाउंडांना आवळायचे, म्हणजे साधारण 5.6 ते 6.8 न्यूटन-मीटर. हा आकडा हाताच्या अंदाजाने येत नाही, त्याला इंच-पाउंडांचा टॉर्क रेंच लागतो. आणि नुसतं आवळून काम संपत नाही. कीचा धातू पंचाने दाबून स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचांमध्ये सरकवायचा असतो, त्यालाच स्टेकिंग म्हणतात. प्रत्येक स्क्रूला दोन ठिकाणी, आणि धातू खरोखर डोक्याला जाऊन भिडला पाहिजे. बाजारातले कितीतरी कॅरिअर बघा, कडेला पंचाचा एक ओरखडा आणि झालं स्टेकिंग! धातू स्क्रूपर्यंत पोचलेलाच नसतो. काही शे राउंडांनी स्क्रू सैल होतो, कीच्या बुडाशी काजळीची काळी रेघ उमटते, आणि मालक बिचारा नवीन मॅगझिन विकत घेत फिरतो.

ती काळी रेघ म्हणजे गळतीचा पुरावाच. तरी शंका असेल तर कॅरिअरमधून बोल्ट काढा, कीच्या बुडाभोवती साबणाचं पाणी लावा आणि कीच्या तोंडातून हवा फुंका. बुडाशी बुडबुडे आले की विषय संपला. की काढायची, दोन्ही पृष्ठभाग तेल-काजळी पूर्ण जाईपर्यंत पुसायचे, नवीन स्क्रू घालायचे, टॉर्क द्यायचा, पुन्हा स्टेक करायचं. जुने स्क्रू परत वापरू नका. स्टेकिंगमधून ओढून काढलेल्या स्क्रूचं डोकं आणि आटे दोन्ही दुखावलेले असतात. आणि स्टेकिंगऐवजी थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) ओतणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं: नेहमीचा निळा लॉकटाइट साधारण 150 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतो. गरम गॅस थेट ज्या भागात येतो तिथे त्याच्यावर भरवसा ठेवायचा?

दुसरी जागा गॅस ब्लॉकची. इथे तर 'खांद्याला टेकव आणि आवळ' या सल्ल्याने लोकांचं वाटोळं केलंय. बॅरलच्या ज्या खांद्याला (जाडी बदलते तिथल्या पायरीला) ब्लॉक टेकतो, तिथे मूळ रचनेत हँडगार्डची, म्हणजे पुढे हात धरायच्या आवरणाची, पातळ कॅप असते. बऱ्याच ब्लॉकमधलं भोक ती कॅप धरूनच पाडलेलं असतं. कॅप काढून लांब फ्री-फ्लोट (बॅरलला न टेकणारं) हँडगार्ड बसवलं आणि ब्लॉक खांद्याला चिकटवला, की तो सुमारे 0.6 ते 0.7 मिलिमीटर मागे जातो. पोर्टच जेमतेम दीड ते अडीच मिलिमीटरचा असतो हो! ब्लॉकचं भोक ऐसपैस असेल तर निभावतं, नसेल तर पोर्टाचा चांगला मोठा भाग झाकला जातो. मग 'कारखान्याने पोर्ट लहान पाडला' म्हणून बोंबलायचं.

अंदाज कशाला लावता? व्हर्निअर घ्या. खांद्यापासून पोर्टाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, ब्लॉकच्या मागच्या कडेपासून त्याच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं मोजा, आणि जो फरक येईल तेवढ्या जाडीची फीलर गेजची पट्टी मध्ये धरून ब्लॉक बसवा. बॅरलवर पोर्टाच्या रेषेत पेन्सिलची खूण करा, म्हणजे ब्लॉक डावी-उजवीकडे फिरलेला लगेच दिसेल. खालचे ग्रब स्क्रू (डोकं नसलेले) साधारण 25 इंच-पाउंडांना. ब्लॉक बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. बॅरलला स्क्रूसाठी उथळ खळगा पाडलेला असेल तर त्यात बसणारा स्क्रू आधी आवळा. अ‍ॅलन कीला पाइप लावून आवळणाऱ्यांमुळे स्क्रूचं षटकोनी तोंड गोल होतं, आणि पुढे तो ब्लॉक काढायला ड्रिलशिवाय उपाय उरत नाही. स्क्रू जागेवर धरून ठेवायला रॉकसेट हा उष्णता सोसणारा चिकटद्रव वापरा, ते हजार अंशांच्या वरही टिकतं. पण रात्रभर सुकू द्या. तासाभरात रेंजवर नेऊन 'धरत नाही' म्हणायचं नाही. काढायचं झालं तर पाण्यात भिजवलं की सुटतं.

ट्यूबबद्दल थोडक्यात. ट्यूब ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या रोल पिनचं भोक आरपार असतं, त्यामुळे ट्यूब उलटीही बसते. गॅसचं भोक खाली, पोर्टाकडे आहे ना, हे पिन ठोकण्याआधी बघा. मग बोल्ट काढलेला कॅरिअर हळूच पुढे सरकवा. की ट्यूबवर अलगद चढली पाहिजे. घासत किंवा अडखळत असेल तर ट्यूब हलक्या हाताने वाकवून मध्यावर आणा, नाहीतर ट्यूबचं टोक आणि की दोन्ही झिजतात आणि गळती आपणच तयार करतो. आणि हे सगळं मॅगझिन काढून, चेंबर डोळ्याने पाहून आणि बोटाने चाचपूनच. यात सवलत नाही.

बोल्टवरच्या रिंगांवरून होणारी भांडणं तर ऐकवत नाहीत. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या तर रायफल बंद पडते, हे अजून कोण पसरवतंय? रिंगा झिजल्यात का, हे बघायला बोल्ट पुढे ओढून अख्खा कॅरिअर बोल्टच्या तोंडावर उभा करा. कॅरिअर स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंगा बदला. जागेवर राहिला तर रिंगांना हात लावू नका.

हे सगळं झाल्यावर मॅगझिनमध्ये एकच राउंड भरा आणि झाडा. बोल्ट मागे अडकून राहिला तर गॅस पुरतोय. चार-पाचदा करून पाहा. एवढं करूनही बोल्ट मागे अडकत नसेल, तरच बफरकडे वळा. साधा कार्बाइन बफर 3 औंसांचा, त्याहून जड एच 3.8, एच2 4.6. एच2 घातलेला असेल तर एक पायरी खाली या. बफर परत बदलता येतो. पण पोर्ट मोठा केला की केला. उद्या कीची गळती सापडली, ती बंद केली, की त्याच रायफलला गॅस जास्त व्हायला लागतो. चेंबरमध्ये दाब शिल्लक असतानाच बोल्ट उघडायला बघतो, एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून काढणारा आकडा) केसची कड फाडतो, केस एक-दोन वाजण्याच्या दिशेला, म्हणजे पुढे, भिरकावल्या जातात. मग पोर्ट झाकायला अ‍ॅडजस्टेबल (गॅस कमी-जास्त करता येणारा) ब्लॉक घ्या! दोन सैल स्क्रूंपायी बॅरलला भोक, त्यावर नवा ब्लॉक, वर जड बफर. आणि स्टेकिंगचा पंच अजूनही कुणाच्या हातात नाही.