जाळ आणि धूर संगटच

पाव्हणं, पन्हाळ्याच्या पायथ्याला पाच गुंठे घेतलेत म्हणे. झकास. आता पहिलं काम, तिथल्या गवताला ‘रान’ म्हणा आणि जेसीबी बोलवा. त्यात मारवेल असेल, पवना असेल, डोंगरी असेल, चौकशी करू नका. नाव कळलं की उपटवत नाही. शेजारच्या वाडीतली म्हातारी भारा बांधता बांधता म्हणेल, “सायेब, ह्याच्यावर म्हस दूध देती.” ऐकून घ्या आणि सोडून द्या. दूध कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर मिळतं, फेसासकट, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

जागा साफ झाली की नर्सरीत जाऊन फाउंटन ग्रास मागा. कारंज्यासारखं उसळतं, वर गुलाबी-जांभळट तुरे. मूळ गाव उत्तर आफ्रिकेकडचं. पाणी कमी लागतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत. एवढा बिनतक्रारीचा जावईसुद्धा मिळत नाही हो. लाल पानांची एक जात सहसा बी धरत नाही, ती मात्र घेऊ नका, सगळी मजाच जाते. साध्या जातीला बी धरायला जोडीदाराचीही गरज नाही, एक रोप पुरे. बी पिसासारखं वाऱ्यावर जातं, बुटाला, चाकाला चिकटतं आणि मातीत काही वर्षं जिवंत राहतं. युरोपियन युनियनने २०१७ साली याला उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातलं. घालू दे. केंदाळसुद्धा जांभळ्या फुलासाठीच या देशात आणलं होतं आणि पंचगंगेत आपण ते डोळे भरून बघतोच की!

वाऱ्यावर बी कुठे जाईल याची काळजी नको, जवळच मसाई पठार आहे. जांभ्या दगडाचा सपाट सडा, वर बोटभर माती. पाऊस सरताना तिथे सीतेची आसवं, गेंद, कवला फुलतात. सीतेच्या आसवांची तर अशी गरिबी, की माती पोसत नाही म्हणून बारीक किडे पकडून खावे लागतात. घोट्याएवढी ही मंडळी. तुमचं गवत कमरेएवढं. हवाई बेटांवर ते लाव्हाच्या भेगांत उभं राहतं, त्याला जांभा काय जड जाणार? चंडोलाला जमिनीवर घरटं करायला उघडी जागा लागते, त्याला दुसरा प्लॉट बघायला सांगा.

आता खरी गंमत मार्चमध्ये. आपलं गवतही पेटतं, नाही असं नाही. पण बरंचसं दिवाळीच्या आगेमागे कापून वैरणीला गेलेलं असतं. फाउंटन ग्रासला विळा कोण लावणार? वाळलेली पाती बुंध्यातच साठत जातात आणि आग लागली की झुडपं, लहान झाडं जळून जातात. हे मात्र बुडख्यातून सगळ्यांच्या आधी फुटतं, मोकळी झालेली जागा घेतं आणि पुढच्या वणव्याची तयारी करतं. नाद खुळा! ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतल्या लाहैना गावाला लागलेल्या आगीत शंभराच्या आसपास माणसं गेली. गावाभोवती एकेकाळी उसाचे मळे होते. साखर कारखाना १९९९ साली बंद पडला, रानं पडली आणि त्यात गिनी गवतासारखी बाहेरची गवतं माजली. ऊस, बंद कारखाना, पडीक रान... आपल्याकडे यातलं काही नाही, तेव्हा निर्धास्त झोपा.

कोणी निसर्गवाला भांडायला आलाच, तर त्याला अ‍ॅरिझोना दाखवा. आपल्या माळावर गुरं आवडीने खातात ते अंजन गवत आफ्रिकेतही होतं. तिथून चाऱ्यासाठी अमेरिकेत गेलं आणि आता तिकडच्या वाळवंटात उंच निवडुंगांना आगीत ढकलतंय. लोक सुट्टीच्या दिवशी पहारी घेऊन ते उपटत बसतात. म्हणजे फिटंफाट झाली की नाही?

तेव्हा लावाच. तुरे आले की संध्याकाळच्या उन्हात फोटो काढा. म्हातारी पुन्हा येईल, सवयीने विळा लावेल, मूठभर म्हशीपुढे टाकेल. म्हैस हुंगेल आणि मान फिरवेल. तिचा फोटो नका काढू.