सुट्ट्या लॅप्स होतात म्हणून

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून साळेबुवांचा फोन आला. "भाऊजी, माझ्या अकरा सुट्ट्या लॅप्स होताहेत."

आमच्याकडे लॅप्स होते ती विम्याची पॉलिसी. मी शक्य तितक्या हळव्या आवाजात विचारलं, "हप्ते थकले का?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्यांनी समजावून सांगितलं. कंपनी वर्षाला ठरावीक रजा देते, ३१ डिसेंबरच्या आत संपवल्या नाहीत तर त्या बुडतात, आणि त्या बुडू नयेत म्हणून ते सहकुटुंब आमच्या गावी येताहेत. "मस्त थंडी, शेकोटी, हुरडा! पोराला जरा खरं गाव दाखवायचंय."

"या ना," मी म्हणालो. बायको समोर उभी असताना साळ्याला दुसरं काही म्हणायची सोय नाही. बाबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"काय म्हने?"

"त्याच्या सुट्ट्या लॅप्स होऊन रायल्या."

"मंग हप्ता भर म्हना त्याले," बाबा म्हणाले आणि पुन्हा सुपारीकडे वळले.

सुट्टीचं आमचं गणित निराळं आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, दिवाळीत बंद होतात, आणि नाताळची सुट्टी म्हणजे फक्त २५ तारीख. २०२२ साली तीही रविवारी आली. त्या वर्षी पोरांपेक्षा मास्तरांची तोंडं जास्त उतरलेली मी पाहिली आहेत. शेतकऱ्याचं तर विचारूच नका. डिसेंबरात कापसाचा वेचा सुरू असतो, तुरीच्या शेंगा भरत असतात, हरभरा पाणी मागतो, आणि संत्र्याचा व्यापारी बागेत येऊन फळाकडे असं बघतो की फळालाच लाज वाटावी. सणवार म्हणाल तर २० डिसेंबर. त्या दिवशी गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली आमच्याच अमरावती जिल्ह्यात, वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडगेबाबा गेले. सकाळी अख्खं गाव हातात झाडू घेऊन फोटो काढतं. त्याच दिवशी आमच्या चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची जत्रा सुरू होते, आणि संध्याकाळी तेच गाव मातीच्या हंडीतलं मटण खायला तिकडे निघतं. गाडगेबाबा असते तर झाडू उलटा धरला असता.

राहता राहिली थंडी. आम्ही पंचेचाळीस अंशांची माणसं. घर बांधलं ते उन्हाळ्याच्या धास्तीने: उंच छत, जागोजाग झरोके, वारा इकडून आला की तिकडून निघून जावा. हिवाळ्यात तो तसाच येतो, पण निघून जात नाही. कूलर खिडकीत बसवला तो कायमचा बसला. त्याच्या भोवतीच्या फटींत दरवर्षी बारदाना कोंबायचा आणि दरवर्षी तो उंदरांनी न्यायचा. पाहुण्यांची खोली म्हणून जी आहे, तिच्यात नेमका हा कूलर. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं, त्या रात्री त्या खोलीत आमचे एक दूरचे मामा होते. तेव्हापासून ते आणखी दूरचे झाले.

पण थंडीचं मला टेन्शन नव्हतं. थंडी फुकट असते आणि ती आपणहून येते. टेन्शन होतं हुरड्याचं.

वाचकहो, आमच्या गावात ज्वारी नाही. हे वाक्य मी बायकोसमोर म्हटलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पंढरपुरात विठोबा नाही म्हणालो. "माहा भाऊ वर्षातून एकदा येते. त्याले मूठभर हुरडा खाऊ घालता येत नाही तुमच्यानं? कास्तकार म्हनवता न् वरून!"

मी लहान असताना पुरुषभर उंच ज्वारी गावाला वेढा घालून उभी असे. मग सोयाबीन आलं. पेरलं की साडेतीन महिन्यांत हातात पैसा, बैलांना चारा मिळो न मिळो. पुढे बैलच गेले आणि ट्रॅक्टर कडबा खात नाही. ज्यांनी तरीही नेटाने ज्वारी पेरली त्यांच्या वावरात रात्री रानडुकरं आली, पहाटे रोही, म्हणजे नीलगाई, आल्या, आणि दिवसा पोपट. पूर्वी मचाणावर बसून गोफण फिरवायला घरात पाच-सहा पोरं असत. आता एकच असतं आणि ते अमरावतीला क्लासला जातं. थोडक्यात, ज्या गावात हुरडा खायला पुण्याहून माणसं येतात त्या गावात ज्वारीची भाकरसुद्धा विकतच्या ज्वारीची होते.

तरी मी निघालो. शेजारच्या गावात एक म्हातारेबुवा बैलजोडीच्या हौसेपायी अर्धा एकर ज्वारी लावतात असं कळलं होतं. गाडीवरून सात किलोमीटर गेलो. म्हातारेबुवा कडब्याच्या गंजीला टेकून ऊन खात होते.

"हुरडा? आता?" त्यांनी डोळे बारीक केले. "कनसं खुडली, खयं झालं, पोते भरून घरात गेले. हुरडा काय तुह्या साळ्याच्या सुट्टीसाठी थांबते का?"

चहा मात्र पाजला.

मग मोर्चा अमरावतीकडे. रस्त्यात एका कृषी पर्यटन केंद्राचा भला मोठा फलक होता, 'अस्सल गावरान हुरडा पार्टी, माणशी पाचशे.' गावरान माणसाला काही सूट आहे का, असं मी फाटकावरच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, वेटिंग आहे. शेवटी शहरातल्या एका दुकानात फ्रीजमध्ये हुरडा मिळाला. कणसं नाहीत, सुटे दाणे, प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद. मी दोन किलो घेतला, आतल्या बनियनपाशी लपवला आणि चोरट्या मालासारखा घरी आणला. बायकोने पिशवी आपल्या फ्रीजमध्ये वांग्यांच्या मागे ठेवली. भरताची वांगी मात्र घरच्या वावरातली होती, हे इथे अभिमानाने नोंदवतो.

पाहुणे २४ तारखेला सकाळी ट्रॅव्हल्सने उतरले. साळेबुवा, वहिनी आणि आठ वर्षांचा भाचा. साळेबुवा मूळचे आमच्याच पलीकडच्या दर्यापूर भागातले, पण चौदा वर्षं पुण्यात काढल्याने त्यांची बोली पार धुऊन निघाली आहे. उतरताच दोन्ही हात पसरून म्हणाले, "वा! काय हवा आहे!" तीच हवा रात्री त्यांना कूलरमधून भेटणार होती.

आंघोळीचा प्रकार मी थोडक्यात सांगतो, कारण तो झालाही थोडक्यातच. घरात माणसं सात आणि पाणी तापवायचा गंज एक. चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, घालत बसणारा मी. वहिनींनी गिझरची चौकशी केली. मी चुलीकडे बोट दाखवलं. भाच्याने तीन दिवस आंघोळ केली नाही आणि हेच खरं गाव, असा त्याचा समज झाला.

पाहुण्यांना मोठी हौस होती रात्रीच्या ओलिताची. आमच्याकडे मोटारीची लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. थंडीची लाट येते तो आठवडा नेमका रात्रीचा असतो, हे माझं वीस वर्षांचं निरीक्षण आहे. "मी पण येणार भाऊजी, एक अनुभव घ्यायचाय," साळेबुवा म्हणाले. मी समजावलं. बायकोनेही समजावलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना त्याले. त्याच्या सुट्ट्या फुकट चालल्या."

रात्री साडेअकराला आम्ही हरभऱ्यात पोचलो. साळेबुवांच्या अंगावर दोन स्वेटर, त्यावर जॅकेट, डोक्याला माझी कानटोपी, वरून आईची शाल. हातात बॅटरी. आकाशात चांदण्या अशा की हात लावला तर बोट चिकटेल. पाच मिनिटं त्यांनी आकाशाचं कौतुक केलं. सहाव्या मिनिटाला अंधारातून एक आवाज आला, "हाऽऽड! हुर्र हुर्र! अबे धर त्याले!"

साळेबुवा माझ्या मागे गेले. "कोण आहे?"

कोणी नव्हतं. शेजारच्या वावरात डुकरं हाकलायचा भोंगा लावलेला आहे. बॅटरीवर चालतो, मालकाने स्वतःचाच आवाज त्यात भरून ठेवलाय आणि तो रात्रभर ओरडतो. मालक घरी गोधडीत. डुकरांना हा आवाज आता इतका ओळखीचा झालाय की ती त्याच्या सोबतीने चरतात. घाबरतात ती फक्त पाहुणे मंडळी.

तेवढ्यात एका स्प्रिंकलरचं नोझल अडकलं. काडीकचरा अडकला की ते एकाच दिशेला तोंड करून पिचकारी मारत बसतं. याला उपाय एकच: पाणी पाठमोरं असताना पळत आत जायचं, बाभळीच्या काट्याने काडी काढायची, आणि नोझल फिरून आपल्याकडे यायच्या आत बाहेर पडायचं. यात शास्त्र आहे. टक-टक-टक असा त्याचा ठेका असतो, तो मनात मोजावा लागतो. मी आत गेलो, काडी काढली, बाहेर आलो. कोरडा. वीस वर्षांची विद्या.

साळेबुवांनी ते बघितलं आणि त्यांना वाटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल. पुढचं नोझल अडकलं तेव्हा मी "थांबा" म्हणायच्या आत ते बॅटरी घेऊन आत शिरले. काडी त्यांनी काढली, हे मान्य करायला हवं. पण काढली ती नोझलच्या अगदी पुढ्यात उभं राहून.

"अरे बाप्पा! मेलो ना राज्या! अबे बंद कर ते, माह्या आंगात पानी गेलं ना बे!"

चौदा वर्षांचं पुणं एका फवाऱ्यात उतरलं. मी तर कौतुकाने ऐकतच राहिलो. पलीकडून भोंगाही म्हणाला, "अबे धर त्याले!" त्याच क्षणी डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, काहीतरी फटकन उडालं आणि लाईन गेली. एरवी मी ज्याच्या त्याच्या नावाने बोटं मोडली असती, पण त्या रात्री त्या अंधाराला मी मनातून हात जोडले. पऱ्हाटीचा जाळ करून साळेबुवांना शेकत बसलो. दात वाजवत ते म्हणाले, "भाऊजी, हे तुमी रोज करता?"

"आठवडाभर. मग दिवसाची लाईन."

"न् सुट्टी?"

मी डीपीकडे बोट दाखवलं.

पुढचे दोन दिवस त्यांना सर्दी होती, तरी आम्ही चिखलदऱ्याला गेलो. घरात थंडीने हाडं वाजत असताना अकराशे मीटर चढून थंडी बघायला का जायचं, हे मला आजवर कळलेलं नाही. भीमाने कीचकाला मारून जिथे टाकलं म्हणतात त्या दरीपाशी गाड्यांची अशी रांग लागली होती की कीचकालाही पार्किंग मिळालं नसतं. तिथली कॉफी प्यायलो आणि परतलो. येताना बहिरमला हंडी आणि रोडगे. वहिनींनी कमी तिखट मागितलं. हंडीवाल्याने आदराने ऐकून घेतलं आणि जे होतं तेच वाढलं.

अन् मग हुरड्याचा दिवस उजाडला. वावरात गोवऱ्या पेटवल्या. बायकोने घरूनच दाणे लोखंडी कढईत परतून आणले होते. विश्वास बसावा म्हणून मी त्यात चिमूटभर राख कालवली. सोबत जवसाची चटणी, गूळ, दही. "बाबांनी पहाटे उठून कणसं भाजली आणि चोळून ठेवली," मी म्हणालो. बाबा खोटं बोलत नाहीत, पण मान खाली घालून तुरीच्या शेंगा विस्तवात टाकत होते.

साळेबुवांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "भाऊजी, ही चव पुण्यात नाही. मातीचीच चव वेगळी." मी नम्रपणे हसलो. राख जरा जास्त झाली असावी.

भाचा कुठे दिसेना. तो डब्यांच्या पिशवीत हात घालून गूळ शोधत होता आणि तिथे त्याला ते प्लास्टिक सापडलं. ते घरीच जाळायचं, असं मी बायकोला दोनदा बजावलं होतं. पोरगं इंग्रजी शाळेतलं, मराठी अक्षर अक्षर लावून वाचतं, आणि वाचतं मोठ्याने.

"ता-जा... हु-र-डा. उ-त्पा-द-क... ता-लु-का शि-रू-र... जि-ल्हा... पु-णे." मग आनंदाने ओरडला, "बाबा, हा आपल्याकडचा आहे!"

गोवऱ्या तडतडत होत्या. वहिनी पदर तोंडाला लावून वळल्या. बायको माझ्याकडे बघत होती. साळेबुवांच्या हातातला घास हातातच होता.

बाबांनी विस्तवातून काळ्या पडलेल्या शेंगा काठीने ओढल्या आणि साळेबुवांच्या पुढ्यात टाकल्या. "घ्या. ह्या आपल्या हायत. हुरडा हुरडा काय करून रायले सकायपासून."

साळेबुवांनी एक शेंग सोलली, तोंडात टाकली, बोटं भाजून घेतली, आणि मग कुणी काही बोललं नाही. तासाभरात टोपलंभर शेंगा संपल्या. भाच्याचं तोंड कानापर्यंत काळं झालं होतं आणि त्याला आणखी हव्या होत्या.

३० तारखेला पाहुणे निघाले. सोबत पाच किलो तुरीची डाळ, ओल्या तुरीचे सोले, संत्र्यांची पेटी, वांगी, आणि साळेबुवांच्या नाकाला माझा रुमाल. ट्रॅव्हल्सच्या पायरीवरून ते म्हणाले, "भाऊजी, पुढच्या वर्षी बहुतेक बारा लॅप्स होतील."

परतताना बाबा बराच वेळ गप्प होते. फाट्यावर आल्यावर म्हणाले, "पुढल्या साली धुऱ्याच्या कडेनं चार तासं ज्वारी टाकू. पोरगं येईन तं कनसं पाहीन."

"अन् डुकरं?"

"बाराही महिने थोडी येतात," बाबा म्हणाले. "त्यायच्याही सुट्ट्या लॅप्स होत असतीन."