भत्ता वाढला, हातात कमी आले!

मी पगारपत्रकं करते, आणि जानेवारी आणि जुलै हे दोन महिने माझ्या डोक्याला ताप आहेत. महाराष्ट्रात 1 जानेवारी आणि 1 जुलैला किमान वेतनातला विशेष भत्ता बदलतो. महागाई वाढली, म्हणून कामगाराच्या हातात चार पैसे जास्त पडावेत, एवढाच त्याचा हेतू. आमच्याकडे मात्र नवे दर आले रे आले की साहेबांचा प्रश्न ठरलेला: "ग्रॉस (कपातीआधीचा एकूण पगार) तेवढंच ठेवता येईल ना?"

येईल ना, न यायला काय झालं! भत्ता तीनशेनं वाढला, की "इतर भत्ता" या रकान्यातून तीनशे काढायचे. समजा, एखाद्याचं ग्रॉस 16,000. त्यात मूळ पगार अधिक विशेष भत्ता 13,000, इतर 3,000. आता झाले 13,300 आणि 2,700. बेरीज तीच. पण पीएफ 12 टक्के कापायचा तो 13,300 वर. म्हणजे 36 रुपये जास्त गेले. सरकारनं भत्ता वाढवला आणि माणसाच्या हातात 36 रुपये कमी आले! हो, ते त्याच्याच खात्यात जमा होतात, मालकाचाही वाटा पडतो, माहितीये मला. पण किराणावाला पासबुक घेत नाही ना. आणि जिथे सीटीसी, म्हणजे माणसामागे मालकाचा एकूण खर्च, नावाचं थोतांड आहे, तिथे मालकाचा वाटाही कामगाराच्याच पगारातून वळता होतो.

हे सगळं ठरवतो कोण? साहेब. शिव्या खातं कोण? मी. स्लिप घेऊन माणसं माझ्या टेबलाशी येतात, "मॅडम, तुम्ही पैसे कापले."

त्यात फेब्रुवारी. व्यवसाय कर एरवी महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, कारण वर्षाला 2,500 ची मर्यादा आणि ती पुरेपूर वसूल झालीच पाहिजे. बायकांना 25,000 पर्यंत माफी आहे, म्हणून मी सुटले. पुरुष दहा हजारांच्या वर गेला की या दरात सापडलाच. दरवर्षी तेच समजावायचं, दरवर्षी तेच डोळे वटारणं.

बदलायला हवं ते मात्र ढिम्म हलत नाही. पीएफ सक्तीचा असण्याची पगारमर्यादा सप्टेंबर 2014 मध्ये 15,000 झाली, पुढे अकरा वर्षं तिथेच. ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, 2017 च्या जानेवारीत 21,000 झाली आणि तिथेच रुतून बसली. पगार 20,900 वरून 21,100 झाला, की मार्च किंवा सप्टेंबरला सहामाही संपताच ईएसआयची वर्गणी थांबते आणि पुढे काही महिन्यांनी उपचारही बंद. आमच्यातल्या एकाच्या बायकोची औषधं त्याच कार्डावर चालतात. तो मला म्हणाला, "मॅडम, दोनशे नकोत, कार्ड राहू द्या." पगारवाढ नको म्हणून माणूस हात जोडतो! काय उत्तर देऊ त्याला? बाहेर दोनशे रुपयांत डॉक्टरची फीसुद्धा भागत नाही.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवा केंद्रीय कायदा, लागू. एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त भत्ते दाखवले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. साहेबांना घाम फुटलाय, कामगारांसाठी नव्हे, ऑफिस स्टाफच्या स्लिपा भत्त्यांनीच भरल्यात म्हणून. परवा विचारत होते, "एखादा नवा रकाना नाही का टाकता येणार?"

नाही येत साहेब. आता पगारच वाढवा.