मान खाली घालून पिरनवाडीला

स्पोर्ट बाईकवर बसलेल्या माणसाला रस्त्यात कुणालाही ओळख दाखवता येत नाही, ही गोष्ट कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली नसते. पुण्या-मुंबईकडं चालत असेल. बेळगावात चालत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटापासून पिरनवाडीपर्यंत जाणाऱ्याला वाटेत निदान दहाजणांना हात करावा लागतो, त्यातल्या दोघा-तिघांजवळ गाडी उभी करून "काय गा, कुठं जाऊलास?" याला उत्तर द्यावं लागतं आणि एखाद्याला मच्छेपर्यंत सोडावंही लागतं. नाही म्हणायची सोय नसते. त्याच्या चुलत्याकडं आपल्या मेहुणीच्या स्थळाचं बोलणं चाललेलं असतं.

मला या भानगडीत पाडलं भाच्यानं. उद्यमबागेजवळच्या एका मैदानावर दोन-तीन डीलरांनी मिळून टेस्ट राइडचा दिवस ठेवला होता. त्याला अजून अठरा पूर्ण नाहीत. "मामा, लायसन्स तुझं, गाडी तू चालव. मी नुसता आवाज ऐकतो," म्हणाला. बहिणीच्या पोराला नाही म्हणणं आमच्या घराण्यात बसत नाही.

फॉर्म दोन पानी होता, एक पान कन्नडमध्ये, एक इंग्रजीत. मराठीत का नाही, असं सीमाभागात विचारायचं नसतं. विचारलं की चहा येतो, चर्चा 1956 पर्यंत मागं जाते आणि गाडी जागच्या जागी राहते. भाचा शाळेत कन्नड शिकतो, त्यानं मजकूर वाचून सांगितला: गाडीला काही झालं तर जबाबदार मी, मला काही झालं तर जबाबदार मीच. इतका स्वच्छ करार मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

मग एक पातळ कापडी टोपी मिळाली आणि तिच्यावर हेल्मेट. टोपी नवी होती. हेल्मेट सकाळपासून डोकी बदलत आलेलं. आतला कापूस ओला, कुणाच्या तरी आवळ्याच्या तेलाचा घमघमाट, आणि गालांवर दोन्ही बाजूंनी असा दाब की तोंडाचा चंबू होऊन राहिला. त्या चंबूतून मी "क्लच कडक आहे काय?" असं विचारलं, ते समोरच्या पोराला "कितीला पडेल?" असं ऐकू गेलं असावं, कारण तो हप्त्याचा हिशेब सांगायला लागला. सांगताना मला "काका" म्हणाला. भाचा मान वळवून हसला.

बघ्यांची गर्दी ही होतीच. भाषावाद, पाणीवाद सगळं बाजूला ठेवून त्या गर्दीनं तिन्ही भाषांत एकच प्रश्न लावून धरला होता. "ॲव्हरेज किती?" "कितना देती है?" "मायलेज एष्टु री?" तिथल्या पोरानं एप्रिलिया आरएस 457 दाखवत मोठ्या अभिमानानं सांगितलं, 457 सीसी, दोन सिलिंडर, 47 च्या वर हॉर्सपॉवर. माझी स्प्लेंडर आठाच्या आसपास देते, म्हणजे ही गाडी जवळजवळ सहा स्प्लेंडरी. आणि ही इटालियन गाडी तयार होते बारामतीत! ते ऐकल्यावर मागचा एक म्हातारा म्हणाला, "मग ऊस वडत असंल की." पलीकडं टीव्हीएसची आरआर 310 उभी होती, होसूरची. तिला रेन, अर्बन, स्पोर्ट आणि ट्रॅक असे चार मोड. आमच्याकडं जून ते सप्टेंबर रेनवर ठेवून बटण काढून घेतलं तरी चालेल.

आता बसणं. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून 785 मिलिमीटर, मला चालवायला मिळालेल्या केटीएमच्या नव्या आरसी 390 ची 824. फरक दीड इंचाचा. हे दीड इंच कागदावर काहीच वाटत नाहीत, ते चवड्यांवर उभं राहिल्यावर कळतात. हँडल सीटच्या बरोबरीला खाली, पाय मागं दुमडलेले, पोट टाकीवर. स्प्लेंडरच्या टाकीवर तांदळाचं पोतं ठेवून घरी नेता येतं. इथं टाकीवर आपणच असतो. विठोबापुढं साष्टांग घालावा आणि तेवढ्यात पुजाऱ्यानं "वर बघा" म्हणावं, तशी मानेची अवस्था. आरशात मागची वाहनं दिसावीत अशी अपेक्षा होती. हाताची दोन कोपरं दिसली, ती माझीच निघाली.

"टाकी मांडीनं आवळा, मनगटं सैल सोडा," असं बरोबरच्या पोरानं बजावलं होतं. त्यामागं शास्त्र आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. शंभरच्या पुढं तोच वारा छातीला टेकू देतो आणि मनगटांवरचा भार हलका होतो. खानापूर रोडला स्पीडब्रेकर, म्हशी आणि मधूनच वळणारी टमटम यांतून मिळतो तीसचा वेग. तीसला वारा टेकू देत नाही. सगळा मामा दोन मनगटांवर.

त्यात गिअर. स्प्लेंडरला पुढं पाय दाबत गेलं की गिअर वाढतात. इथं पहिला खाली आणि बाकीचे पाच वर उचलायचे. ही बातमी डाव्या पायापर्यंत वेळेवर पोचत नाही. तिसऱ्यातून चौथा टाकायला म्हणून त्यानं सवयीनं दाबलं आणि दुसरा पडला. इंजिन असं किंचाळलं की रस्त्याकडेचं कुत्रं उठून उभं राहिलं. या गाड्यांना स्लिपर क्लच असतो, असल्या वेळी मागचं चाक अडकू देत नाही. ज्यानं तो शोधला, त्याचं भलं होवो.

आणि नेमक्या याच अवस्थेत ओळखीची माणसं उगवायला लागली. फौंड्रीतला जुना सहकारी चहाच्या टपरीवरून हात करत होता. हात वर करावा तर दुसऱ्या मनगटाला सगळा भार पेलवेना. मान हलवून बघितली, तर हेल्मेट जागेवर आणि आतल्या आत डोकं हललं. पुढं आमच्या गल्लीतल्या काकू. त्यांनी तर पिशवी खाली ठेवून कपाळावर हाताची सावली धरून बघितलं. मी भुंकल्यासारखा "ओ काकू!" ओरडलो, काचेवर वाफ धरली, काकू धुक्यात गेल्या.

पिरनवाडी नाक्यावर परत वळायचं होतं. जांबोटी-चोर्ल्याकडं जाणारे ट्रक बघत थांबणं आलं. थांबण्यासाठी मी आधी उंचवटा शोधला, दुभाजकाचा एक दगड पसंत केला आणि त्यावर डावा पाय ठेवून ऐटीत उभा राहिलो. रेडिएटरचा पंखा सुरू झाला, गरम वारा नडगीवर. शेजारी बजाजच्या जुन्या एम-80 वरचा माणूस आला, मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाला, "कोल्हापुरात घे रे पोरा, टॅक्स कमी पडतोय." पोरा! एवढ्या एका शब्दासाठी मी आणखी एक ट्रक जाऊ दिला.

मैदानावर परतलो तेव्हा भाच्यानं विचारलं, "कशी हाय?" मला सरळ उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्याला वाटलं मी नमस्कार करतोय.

संध्याकाळी फोन सुरू झाले. काकूंनी आईला कळवलं होतं की तुमचा मुलगा हल्ली बघत नाही. फौंड्रीतल्या मित्राचा आवाज तर चढलेलाच होता.

"मोठा झालास काय गा? हात करूलो तर बघितलं पण नाहीस."

"बघितलं रे."

"मग थांबला का नाहीस?"

"अरे मर्दा, पाय पोचायला नको काय?"